डोंगराखालून गेलेला ओढा

इलानं, माझ्या लेकीनं, मला पहिल्याच दिवशी डोंगराच्या कण्यावर नेऊन उभं केलं. मी मिशिगनमधल्या ट्रॉयहून सात तास गाडी हाकत वेस्ट व्हर्जिनियात पोचले होते, कंबर मोडली होती आणि पायात देवळात जाताना घालते त्या चपला होत्या. ती म्हणाली, एक पाय इकडे ठेव, एक तिकडे. ठेवला. डाव्या पायाशी पडलेला पाऊस पश्चिमेला उतरतो, फिरत फिरत ओहायो नदीला मिळतो आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातो. उजव्या पायाशी पडलेला पूर्वेला, पोटोमॅकमधून चेसापीकच्या खाडीत. दोन थेंबांत अंतर वीतभर, आणि पुढे गाठ पडली तर समुद्रातच. मी म्हटलं, यात नवल ते काय, आपल्या घाटमाथ्यावरही एक पाणी अरबी समुद्राला जातं आणि दुसरं बंगालच्या उपसागराला. इलाला ते माहीत होतं. तिला बहुतेक सगळंच माहीत असतं, फक्त आपण शेवटचं कधी जेवलो ते सोडून.

दोन्हीकडे पाय ठेवून उभं राहणं मला अवघड गेलं नाही, कारण आले होते मी तशीच. लेकीला भेटायला येते असं सांगितलं होतं आणि मनात होतं तिला उचलून न्यायचं. गुरुनाथचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, जुना मित्र यतीन पार पश्चिम किनाऱ्याकडे, बेलव्ह्यूला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्याकडे नद्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर करायचं काम होतं. उबदार ऑफिस, चिखल नाही, दुपारी जेवलीस का म्हणून कोणीतरी विचारणारं. महिनाअखेरपर्यंत कळवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

इथे इलाचं ऑफिस म्हणजे बंद पडलेल्या पोस्टाच्या दोन खोल्या. त्या खोऱ्यातले ओढे सुधारण्यासाठी गावकऱ्यांनी काढलेली एक संस्था आहे, तिची पूर्णवेळ नोकर ही एकटी. वर पाच निवृत्त माणसांची समिती, आणि समितीच्या अध्यक्ष ओपल. वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. माझ्याशी पहिल्यांदा हात मिळवला तेव्हा मी गृहपाठ केलाय की नाही हे त्यांना बघायचंय असंच मला वाटलं.

माझं माहेर वणीचं. कोळसा मला दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर बसणारी पूड म्हणून माहीत होता, डोंगराच्या पोटातला थर म्हणून नाही. तो इलानं समजावला. हा डोंगर बाहेरून निजलेल्या म्हशीसारखा दिसतो, पण आत थरांवर थर आहेत: वाळूचा खडक, चिखलाचा खडक, मधे पुरुषभर उंचीचा कोळसा, पुन्हा खडक. कोळशाचा थर डोंगराच्या एका बाजूला जमिनीबाहेर डोकावतो आणि दुसऱ्याही बाजूला. आणि तो सपाट नाही, पूर्वेकडे कललेला आहे. ताटाखाली एका बाजूनं काही सारलं की आमटी जशी समोरच्या कडेला गोळा होते, तसं त्या थरातलं पाणी पूर्वेला गोळा होतं. कोळसा काढून नेला तिथे आता पोकळ बोगदे आहेत. खाण बंद होऊन ऐंशी वर्षं झाली. तिचा नकाशा कोणाकडेच नाही.

पूर्वेच्या उतारावर त्या खाणीचं तोंड आहे आणि त्यातून बाहेर येतो तो मिल फोर्क नावाचा ओढा. इलानं मला तो दाखवला. पाणी नारिंगी, दगड नारिंगी, काठाची मुळंसुद्धा नारिंगी. लोखंड आणि आम्ल. मासा नाही, बेडूक नाही, पाण्यावर पळणारा किडा नाही. खाणीच्या तोंडाशी इलानं तीन वर्षं खपून चुनखडीच्या दगडांचं एक तळं बांधलं होतं. पाणी त्यातून गेलं की त्याचा आंबटपणा मरतो आणि लोखंड खाली बसतं. तळं चांगलं होतं, पण पाणी त्याला झेपेल त्याच्या दुप्पट येत होतं. वर्षभरात चुनखडीवर गंजाचा थर चढून ते पार आंधळं होणार होतं. वाचवायचं तर येणारं पाणी निम्मं करायला हवं, आणि त्यासाठी ते कुठून येतं ते कळायला हवं.

इलाला अंदाज होता. डोंगराच्या पश्चिमेला हार्लन नावाच्या म्हाताऱ्याची जमीन आहे. तिथे झाडीतून एक ओढा येतो, इतका स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत. तो त्यांच्या कुरणात एका खड्ड्यात पडतो, घशात पाणी ओतल्यासारखा आवाज करतो आणि संपतो. खाली ओढ्याचं पात्र आहे, दगड आहेत, वर लाकडी पूलसुद्धा आहे, पण पाणी नाही. अर्ध्या मैलावर चर्चपाशी एक झरा लागतो. गावात सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे की खड्ड्यात गेलेलं पाणी झऱ्याला वर येतं. ओपलनाही तसंच माहीत होतं. इला म्हणत होती, नाही, ते खाणीत पडतं आणि डोंगराखालून पूर्वेला जातं. ओढा खड्ड्याला वळसा घालून नेला, तर मिल फोर्कचं निम्मं पाणी तुटेल.

वळसा खणायला हार्लनची सही हवी होती. वय एक्याऐंशी. मी त्यांना मिस्टर म्हणायला गेले तर म्हणाले, नुसतं हार्लन म्हणा. एवढ्या वयाच्या माणसाला नुसतं हार्लन म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून मी हार्लनकाका म्हणू लागले. काका म्हणजे काय ते त्यांनी विचारून घेतलं आणि मग गावात सांगत सुटले की मिशिगनच्या बाईंनी त्यांना पदवी दिली आहे.

सहीला ते नाही म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पाणी डोंगर ओलांडत नाही. ओलांडतं असं दाखवा, त्या दिवशी सही करतो. पण दिवस थोडे उरले होते. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतर त्यांची मुलगी त्यांना टेनेसीला घेऊन जाणार होती आणि जमीन एका पुतण्याकडे जाणार होती, जो इलाच्या पत्रांना उत्तर देत नव्हता. खणायचं मशीन ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी तीन दिवसांसाठी मिळणार होतं. त्यानंतर बर्फ.

दाखवायची रीत अशी. खड्ड्यात एक पोपटी रंग ओतायचा आणि तो कुठे निघतो ते बघायचं. खाणीच्या आंबट पाण्यात हा रंग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जाळीच्या कापडात कोळशाचे बारीक दाणे शिवून त्या पुड्या पाण्यात टांगतात. रंग आला तर कोळसा तो धरून ठेवतो. दहा दिवसांनी पुडी काढून दारूच्या अर्कात कॉस्टिक सोडा घातलेल्या द्रवात बुडवली की धरलेला रंग सुटतो आणि पोपटी उजळतो. कोळशाच्या खाणीची चोरी कोळशानंच पकडायची, हे मला फार आवडलं. पुड्या मी शिवल्या, रंग इलानं ओतला. एक चर्चच्या झऱ्यात, एक खाणीच्या तोंडाशी, आणि तिसरी कोरी, घरातच ठेवायची, साक्षीदार म्हणून. तिच्यात काहीही निघता कामा नये. निघालं तर घरातूनच काहीतरी लागलंय, आणि सगळी परीक्षा वाया.

हे मला नीट सांगितलेलं होतं. म्हणून पुढचं लिहिताना अजून कान गरम होतात.

त्या दहा दिवसांत मी इलाचं स्वयंपाकघर लावलं. तिच्याकडे मीठ होतं, आणि मिठाशिवाय काही नव्हतं. मी ट्रॉयहून अर्धं भारतीय दुकान आणलं होतं. एका सकाळी मोठ्या पिशवीतली हळद डब्यात भरली, मग मसाल्यांसाठी एक ड्रॉवर रिकामा केला, तर त्यात ती कोरी पुडी. तिची एक शिवण उसवल्यासारखी दिसली. माझ्या हातची शिवण. मी ती प्लास्टिकच्या पिशवीतून काढली, सुई घेतली, दोन टाके घातले आणि परत ठेवली. हात नळाखाली धरले होते की, नुसते. हळद नुसत्या पाण्यानं जात नाही हे मला वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी पोस्टाच्या खोलीत तीन बरण्या मांडल्या. ओपल चष्मा पुसून बसल्या होत्या. झऱ्याच्या पुडीची बरणी स्वच्छ, पाण्यासारखी. खाणीच्या पुडीची हळूहळू पोपटी होत गेली आणि इलाचा हात माझ्या मनगटावर आवळला. मग तिसरी बरणी. कोरी. तिच्यात तळाशी लालसर काहीतरी उतरत होतं.

ओपलनी बरणी उजेडात धरली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मीनाक्षी, तुमच्या नखांना ते पिवळं काय आहे?"

मी सांगितलं. शिवणीसकट सगळं सांगितलं. ओपलनी ऐकून घेतलं आणि इलाला समजावलं, फार मायेनं, त्यामुळे जास्तच लागलं. कोऱ्या पुडीला घरातला रंग लागला असेल, तर खाणीच्या पुडीलाही लागला नसेल कशावरून? शिवल्या त्याच हातांनी. हार्लनला हे दाखवणं म्हणजे त्याला फसवणं. इलानं मान हलवली आणि वहीत तारीख घालून लिहिलं, इनव्हॅलिड. पुन्हा करायचं तर दोन आठवडे हवे होते, आणि सोमवारला तीन दिवस होते.

घरी येताना ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मीही दोन शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. फाटकाशी गाडी थांबवून ती म्हणाली, "आई, इट्स ओके, रिअली. यतीनकाकांना मी संडेला फोन करते. सांगते, येते म्हणून."

घ्या. ज्यासाठी सात तास गाडी चालवली ते हातात पडलं. आणि खरं सांगते, एक क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. तो क्षण किती लांबीचा होता ते मी गुरुनाथला अजून सांगितलेलं नाही. मग इला गाडीतून उतरली आणि बुटांवरचा नारिंगी चिखल काढायला पायरीवर बसली. एकच बूट घासत होती, घासत होती, तो कधीच स्वच्छ झाला होता.

मला काही सुचलं नाही की मी कपडे धुते. तिचा एक बरा शर्ट होता, त्यावर मी गुरुवारी वाढलेली आमटी सांडली होती. सिंकमध्ये भिजवला, कपड्यांचा साबण लावला. आणि डाग लाल झाला.

तसा तो होतोच. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. पुढे उन्हात टाकला की उडतो. शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर, लग्नातल्या साड्यांवर, आयुष्यभर बघत आले. इतकं बघितलं की त्याचा कधी विचार केला नव्हता. मी तो शर्ट हातात धरून उभी राहिले आणि पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, लाल का? साबणामुळे. साबणात काय असतं? कॉस्टिक. आणि इलाच्या बाटलीत?

मी तिला न विचारता बाटली उघडली. बशीत थोडा द्रव ओतला, चिमूटभर हळद टाकली. कुंकवासारखी लाल झाली. मी हाक मारली तेव्हा आवाज जरा चढला असावा, कारण इला एका पायात बूट घालून पळत आली.

"हे बघ," मी म्हटलं. "माझी हळद तुझ्या या पाण्यात लाल होते. पोपटी होत नाही. कोरी बरणी लाल होती ना? ती माझी चूक. पण खाणीची पोपटी होती. ती माझी नाही, इला."

ती बशीकडे बघत राहिली. मग हसेल, मिठी मारेल असं मला वाटलं, पण तिनं मला हात धुवायला लावले. साबणानं, दोनदा. नव्या चार पुड्या शिवायला लावल्या, हातमोजे घालून. एका पुडीला हळद, एकीला तो रंग, एकीला दोन्ही, एकीला काहीच नाही. शनिवारी सकाळी तिनं ओपलना बोलावलं आणि स्वतः मागे उभी राहिली. सगळं ओपलनीच करावं असा तिचा हट्ट. ओपलनी द्रव ओतला. हळदीची लाल. रंगाची पोपटी. दोन्हींची गढूळ, तपकिरी, आणि तरी कडेला लाल उतरलेली. चौथी स्वच्छ. मग शुक्रवारची खाणीची बरणी शेजारी ठेवली. नुसती पोपटी, लालाचा लवलेश नाही.

ओपल बराच वेळ बोटानं टेबल वाजवत राहिल्या. मग म्हणाल्या की आम्ल आणि अल्कली शिकवायला चाळीस वर्षं त्या लिटमसचे कागद मागवत होत्या आणि ते दर वर्षी उशिरा यायचे. जाताना माझ्याकडून अर्धी वाटी हळद बांधून घेतली. त्याआधी त्यांनी वहीतही दुरुस्ती केली, इलाच्या शब्दावर एक सरळ रेघ मारून, खाली सही.

हार्लनकाकांकडे आम्ही तिघी दुपारी गेलो. बरण्या त्यांच्या व्हरांड्यातल्या कठड्यावर मांडल्या. इलानं थर, कल, कॉस्टिक सगळं सांगायला घेतलं. ते ऐकत होते पण त्यांचं लक्ष त्या पोपटी बरणीवर होतं. त्यांनी ती उचलली, उन्हात धरली, कुरणाच्या दिशेनं धरली, मग डोंगराच्या.

"हे माझ्या खड्ड्यातलं?" त्यांनी मला विचारलं. इलाला नाही, ओपलना नाही.

मी म्हटलं, "हो काका. आणि ही लाल चूक माझी."

ते खुर्चीत बसले. मिल फोर्कच्या काठी त्यांची सासुरवाडी, हे मला तेव्हा कळलं. लग्नानंतर साठ वर्षं ते बायकोच्या भावांना चिडवत आले होते, तुमचा ओढा नारिंगी, तुमच्या विहिरी नारिंगी, आमच्याकडे या आणि पाणी कसं असतं ते बघा. मेहुण्यांपैकी आता एकच उरला होता, कमरेतून वाकलेला. "म्हणजे माझंच पाणी त्यांच्याकडे जाऊन घाण होत होतं," ते म्हणाले. "आणि मी हसत होतो." थोड्या वेळानं त्यांनी पेन मागितलं. सही करण्याआधी एक अट घातली: मेहुण्याला फोन इलानं करायचा नाही, तो ते स्वतः करतील.

रविवारी इला मला म्हणाली, यतीनकाकांना काय सांगू. मी म्हटलं, तू काही सांगू नकोस, मी सांगते. यतीनला मी एवढंच म्हटलं की पोरीचं इकडे काम अडकलंय. त्यानं विचारलं किती दिवस. मी म्हटलं, डोंगराएवढं आहे रे, सांगता येत नाही. मग गुरुनाथनं घरून फोन करून विचारलं की ठरलं काय होतं आणि झालं काय. त्याला म्हटलं, दोन आठवडे अजून राहते, फ्रीजरमध्ये पोळ्या आहेत.

मशीन सोमवारी आलं. दोन दिवस खणणं चाललं. खड्ड्याला वळसा घालून चर काढला, तळाला चिकणमाती ठोकून बसवली, वर दगड लावले. चुनखडीचं तळं लगेच सुधारेल असं इला कोणाला कबूल करत नव्हती. बोगद्यांत साठलेलं पाणी ओसरायला महिने लागतील, म्हणाली, आणि खड्ड्यात पडणाऱ्या पावसाचं काय ते पुढच्या उन्हाळ्यात बघू. मासा तर विचारूच नका. पण बोलताना ती चालत होती, आणि चालताना हात हलवत होती. माझ्या आठवणीत ती दहावीपर्यंत अशी बोलायची.

बुधवारी दुपारी शेवटचा बांध फोडला. पाणी चरात शिरलं, खड्ड्याच्या तोंडाशी जरा रेंगाळल्यासारखं झालं, मग वळलं आणि खालच्या कोरड्या पात्रात उतरलं. ओपल आणि इला वरच थांबल्या. गळतं का ते बघत होत्या. हार्लनकाका काठी टेकत खाली निघाले, म्हणून मी त्यांच्याबरोबर.

पाणी माणसाच्या चालीनं येत होतं, म्हाताऱ्या माणसाच्या. पुढे ऐंशी वर्षांच्या पानगळीचा कचरा ढकलत, सुक्या पानांचा एक लांब गुंडाळा करत, त्याच्या मागून. दगडाशी अडलं की बाजूनं वाट काढायचं. आम्ही त्याच्या दोन पावलं पुढे राहून चाललो होतो. लाकडी पुलाखालून ते गेलं तेव्हा काका वाकून बघत होते. तो पूल ओढा वाहता होता तेव्हा त्यांच्या वडिलांनी बांधला होता आणि त्याच्याखाली पाणी त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

पुलापुढे पात्रात एक खोलगट डबरं होतं. पाणी त्यात पडलं आणि दिसेनासं झालं. मी काकांकडे पाहिलं. मागे जाऊन इलाला बोलवू का, असं विचारणार होते.

"थांबा," ते म्हणाले. "भरू दे त्याला."

आम्ही थांबलो. डबऱ्यातली पानं वर आली, गोल फिरली. खूप वेळ लागला. मग कडेवरून एक पान खाली घसरलं, त्याच्यामागून बोटभर पाणी, आणि हार्लनकाकांनी काठी उचलली.